बंद झालेली कोरोला अल्टिस आर्णीकडच्या गावात चालेल का? एका खरेदीचा पूर्ण तपशील

गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातलं, नागपूर-तुळजापूर महामार्ग सोडला की साडेचार किलोमीटर आत. घरात पाच माणसं. निवृत्त मुख्याध्यापक काकाजी, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या काकू, कृषी केंद्र चालवणारा मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात. चौदा एकर शेतीत कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. जुनी छोटी गाडी दिवाळीआधी विकून झाली होती. काकूंना महिन्यातून एकदा नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना पाय लांब करता येत नव्हता. म्हणजे गाडी हवी होती ती मुळात काकूंच्या गुडघ्यांसाठी. हे मी आधीच सांगतो, कारण पुढे भाव आणि मायलेजच्या चर्चेत हेच कारण सगळे विसरत होते.

मुलाने नागपुरात एक टोयोटा कोरोला अल्टिस हेरली होती. 2016 ची नोंदणी, 1.8 लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, एमएच-31 पासिंग, मीटरवर 81 हजार किलोमीटर, मागणी 5 लाख 10 हजार. काकाजींचा प्रश्न सरळ होता. "गाडी मोठी हाये, कंपनीचं नाव मोठं हाये, पण बंद पडलेलं मॉडेल हाये भाऊ. उद्या पार्ट कुठून आणाचे?" माझं गॅरेज आहे आणि जुनी गाडी घेण्याआधी ती बघून देण्याचं काम मी नेहमी करतो. नोव्हेंबर 2025 च्या शेवटी हे प्रकरण माझ्याकडे आलं.

आमच्याकडे एक सल्ला सर्रास दिला जातो : बंद झालेली गाडी घेऊच नये. माझं मत वेगळं आहे. बंद झालेल्या गाडीचा प्रत्येक पार्ट दुर्मिळ होत नाही. कुठला होतो आणि तोच पार्ट आपल्या रस्त्यावर फुटण्याची शक्यता किती, हे बघून निर्णय करावा. या गाडीच्या बाबतीत सगळा प्रश्न शेवटी हेडलाइटवर येऊन थांबला.

गाडी नेमकी काय आहे

कोरोला भारतात 2003 मध्ये आली, 2008 पासून ती अल्टिस नावाने विकली गेली. आपण बघत होतो ती त्यानंतरची पिढी, 2014 च्या मे महिन्यात आलेली. कर्नाटकात बिडदीच्या कारखान्यात तयार व्हायची. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं नवं कडक माप लागू झालं, तेव्हा कंपनीने ती त्या मापात न आणता भारतात बंद केली. परदेशात कोरोलाची पुढची पिढी चालू राहिली, पण ती आपल्याकडे आलीच नाही. त्यामुळे नव्या पिढीचे पार्ट या गाडीला बसतील, अशी आशा ठेवून चालत नाही.

पेट्रोल इंजिन 1798 सीसीचं, 140 पीएस ताकदीचं. टायमिंगला पट्टा नसून चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलण्याचा खर्च नाही. डिझेल अल्टिसमध्ये 1364 सीसीचं इंजिन होतं, 88 पीएसचं. त्याच घराण्यातलं इंजिन टोयोटाच्याच इटिऑसमध्ये होतं आणि टॅक्सीवाल्यांनी ती गाडी एवढी चालवली की यवतमाळचा कोणताही जुना मिस्त्री ते ओळखतो. मुलाचं मन आधी डिझेलकडे होतं. पण अल्टिसच्या डिझेलला टर्बो वेगळा, इंटरकूलर वेगळा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घराला नऊ-दहा वर्षं जुन्या टर्बो आणि इंजेक्टरची जोखीम घ्यायचं कारण नव्हतं. डिझेलचा विषय मी तिथेच संपवला.

लांबी 4620 मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2700. मागच्या बाजूचा तळ जवळजवळ सपाट आहे, मधे उंचवटा नाही. काकूंना तिरकं बसून दोन्ही पाय सैल सोडता येतील, ही त्या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू. सुरक्षिततेत मात्र ती आजच्या छोट्या गाड्यांच्याही मागे आहे. या गाडीला समोर दोन एअरबॅग आणि एबीएस. आज नवी छोटी गाडी सहा एअरबॅगसह मिळते. मोठी गाडी म्हणजे आपोआप जास्त सुरक्षित, असं मी कोणाला सांगत नाही.

कागद आधी, गाडी नंतर

नागपूरला जाण्याआधी नंबर टाकून ऑनलाइन जेवढं दिसतं तेवढं बघून घेतलं. मालक दुसरा. विमा चालू. दोन ई-चलान थकलेली. आरसीवर एका बँकेचा बोजा अजून दिसत होता. विकणाऱ्याचं म्हणणं, कर्ज 2021 मध्येच फिटलं. फिटलं असेलही, पण बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन आरटीओत बोजा उतरवला जात नाही, तोवर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करून काही उपयोग नाही. ही अट पहिल्याच फोनवर घातली : बोजा उतरलेली आरसी दाखवा, मग पैशांचं बोलू. अशा अटीवर गडबडणारा विकणारा असेल तर पुढचा वेळ वाचतो. हा माणूस गडबडला नाही, दहा दिवसांत काम करून देतो म्हणाला.

गाडी राज्यातलीच, म्हणून नव्याने रोड टॅक्सचा प्रश्न नव्हता. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त मोठ्या गाड्यांची जाहिरात मुलाने मला दाखवली होती. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तेव्हा बंदीची टांगती तलवार असल्याने त्या स्वस्तात निघत होत्या. पण एनओसी, इथला कर, नवा नंबर आणि त्या सगळ्याच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई बरीचशी विरते.

नागपुरातली तपासणी

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवला, थंड होतं. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं, चेनचा खडखडाट नाही, सायलेन्सरला निळा धूर नाही. वॉटर पंपाच्या खाली टॉर्च मारली तर गुलाबी पापुद्रा दिसला, वाळलेल्या कूलंटचा. थेंब पडत नव्हता, पण पाझर सुरू झालेला होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. हिवाळ्यातला पाझर उन्हाळ्यात भर रस्त्यात गाडी तापवतो. वॉटर पंप खर्चाच्या यादीत गेला.

मग पाण्याची तपासणी. गाडी नागपूरची असेल तर ही मी कधीच सोडत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कित्येक धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असणार, हे गृहीत धरूनच बघायचं. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा बघितला. कोपऱ्यातल्या रबरी बुचाखाली बोट फिरवलं, गाळ नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. बेल्टचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो त्यावर मातीची रेघ राहते आणि धुणारा माणूस तिथवर पोचत नाही. बेल्ट स्वच्छ होते. सीटखालच्या रुळांना, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंना गंज नाही. या बाबतीत गाडी खरी निघाली.

मीटरवर माझा सहज विश्वास बसत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमधली नोंद 2020 पर्यंत सलग होती, शेवटची 58 हजारांची. त्यानंतर बाहेरची कामं, त्यांची बिलं नाहीत. पाच वर्षांत 23 हजार किलोमीटर हे शहरातल्या माणसाला शक्य आहे, पण पुरावा हवा. टायरवरचा चार आकडी शिक्का 1521 होता, म्हणजे 2021 च्या पंधराव्या आठवड्यातले टायर, आणि चारही सारखेच, निम्म्याला आलेले. टायर मूळ नव्हते, म्हणजे पहिली जोडी साठ हजारांच्या आसपास गेली आणि दुसरी त्यानंतर वीसेक हजार चालली. हिशोब जुळत होता. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत पण फाटलेलं नाही, ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड दबलेली पण उसवलेली नाही. दीड लाख चाललेल्या गाडीला 81 हजार दाखवत असते तर ही तीन ठिकाणं एकमेकांशी भांडली असती.

गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा एकही कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, नव्हता. ही फार चांगली बातमी नसते. त्याच स्कॅनरमध्ये कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली हेही दिसतं, ते होतं 14. म्हणजे आम्ही येणार म्हणून कोणीतरी नुकतंच सगळं पुसून ठेवलं होतं. मी काही बोललो नाही. चाचणीसाठी गाडी बुटीबोरीच्या पुढे नेली, परत आणली आणि पुन्हा स्कॅनर लावला. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड परत आला होता. दुरुस्ती काही हजारांची आहे, गाडी नाकारण्याएवढी नाही. पण भाव करताना तो आकडा आणि तो 14 चा आकडा, दोन्ही टेबलावर ठेवले.

एसीची परीक्षा नोव्हेंबरात घेणं फसवं असतं. सकाळच्या गारव्यात कोणताही एसी थंड वाटतो. म्हणून दुपारी उन्हात, काचा बंद, गाडी जागेवर उभी, पंखा चारवर, वीस मिनिटं चालू ठेवला. उभ्या गाडीत थंडावा टिकला.

आता पुढचा डावा भाग. रंगाची जाडी मोजणारं यंत्र डाव्या फेंडरवर आणि पुढच्या डाव्या दारावर दुप्पट आकडा दाखवत होतं, म्हणजे तिथे पुन्हा रंग मारलेला. फेंडरच्या बोल्टचा रंग पान्याने उडालेला. बोनेट उघडून आतल्या ॲप्रनचे (चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्याचे) वेल्ड बघितले, ते मूळ कारखान्याचे, ठिपक्या-ठिपक्यांचे. सांगाड्याच्या पुढच्या दोन्ही दांड्या सरळ. म्हणजे धडक वरवरची होती, सांगाड्यापर्यंत गेली नव्हती. पण डावा हेडलाइट उजव्यापेक्षा जास्त पारदर्शक होता आणि त्याच्या काचेवर कंपनीचा शिक्काच नव्हता. बाहेरचा माल बसवलेला होता आणि रात्री भिंतीवर झोत टाकला तेव्हा त्याच्या प्रकाशाची कड उजव्यासारखी तीक्ष्ण नव्हती, वर फाकत होती. मालकाला विचारलं तर म्हणाला, मूळ लाइट मागवून दोन महिने वाट बघितली, मग मिळाला तो लावला.

काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर मला या एका वाक्यात मिळालं.

कुठला पार्ट मिळतो, कुठला नाही

नागपूरला होतोच, म्हणून पार्टच्या काउंटरवर जाऊन सात-आठ वस्तूंची चौकशी केली. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग : हातोहात. क्लच सेट, लोअर आर्म, शॉकअप, वॉटर पंप : दोन ते चार दिवस आणि त्यांना दोन-तीन चांगल्या कंपन्यांचा पर्यायही आहे. इंजिनच्या आतलं सामान मागवलं तर येतं, वेळ लागतो. इथवर बंद गाडी आणि चालू गाडी यात मला फार फरक दिसत नाही. झिजणारं सामान कोणीही बनवतं, कारण रस्त्यावर गाड्या आहेत तोवर त्याला गिऱ्हाईक आहे.

खरी अडचण पुढे सुरू होते. हेडलाइट, टेललाइट, बंपर, समोरची जाळी, दाराचं आतलं पॅनल, वायरिंगचा पूर्ण संच. हे सामान फक्त त्या एका मॉडेलला बसतं, दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. त्यातही ही गाडी 2017 मध्ये चेहरा बदलून आली, म्हणजे पुढचा बंपर आणि दिवे 2014 ते 2016 चे वेगळे आणि नंतरचे वेगळे. आधीच कमी विकलेल्या गाडीचे असे दोन तुकडे झाले. काउंटरवरच्या मुलाने हेडलाइटबद्दल एवढंच सांगितलं : ऑर्डर घेतो, दिवस सांगू शकत नाही.

शहरात राहणाऱ्याला हे चालेल. आमच्याकडे मात्र गाडीचं नेमकं तेच फुटतं. महामार्ग सोडून आत वळलं की रात्री तुरीच्या शेतातून रोही (नीलगाय) उडी मारून रस्त्यावर येतो, रानडुकरांचा कळप आडवा जातो. दोनशे-अडीचशे किलोचा रोही लागला तर पहिला जातो बंपर, मग हेडलाइट, मग रेडिएटर. गावागावात अशा गाड्या बघितल्या आहेत. चालू मॉडेल असेल तर आठवड्यात दुरुस्त होऊन परत येते. बंद मॉडेल एका दिव्यासाठी महिनाभर गॅरेजात उभं राहतं. तोवर काकूंच्या दवाखान्याची तारीख येते.

दुसरा शत्रू उंदीर. शेतकऱ्याच्या घरी गाडी जिथे उभी राहते त्याच शेडमध्ये कुटार (गुरांचा भुसा) असतं, ढेपेची पोती असतात. ढेपेच्या वासाने उंदीर येतात, उबेसाठी इंजिनवर चढतात आणि वायरी कुरतडतात. चालू गाडीची वायरिंग बदलून घेता येते. हिची मिळाली नाही तर जोड मारत बसावं लागतं, आणि एकदा जोड सुरू झाले की ती वायरिंग पुन्हा पूर्ण भरवशाची होत नाही.

विम्याने हा भार किती हलका होतो? झिरो डेप्रिसिएशनचं, म्हणजे पार्टच्या वयाची कपात न करता भरपाई देणारं कवच बहुतेक विमा कंपन्या पाच-सात वर्षांच्या गाडीपर्यंतच देतात. त्यानंतर साधा नियम लागतो : प्लास्टिक, रबर, नायलॉन यावर 50 टक्के कपात, काचेवर काहीच कपात नाही, आणि धातूच्या पार्टवर वयानुसार. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के, दहा वर्षं ओलांडली की 50 टक्के. ही गाडी 2026 मध्ये दहा ओलांडते. बंपर आणि दिवा दोन्ही प्लास्टिकमध्ये धरले जातात, म्हणजे फुटला तर निम्मा खर्च घरचा. हे काकाजींना कागदावर लिहून दिलं.

पाच माणसं घेऊन रपट्यावर

टोकन देण्याआधी गाडी गावात न्यायची, ही माझी दुसरी अट. विकणारा स्वतः सोबत आला.

कंपनीच्या माहितीपत्रकात जमिनीपासूनची उंची 175 मिलिमीटर आहे. सेडानसाठी ती वाईट नाही. पण ही उंची रिकाम्या गाडीची, आणि दोन चाकांमधलं अंतर 2700 असल्यावर पोटाखालून उंचवटा जाताना चाकं दोन्हीकडे खाली राहतात. गावाच्या अलीकडे नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल आहे. पावसाळ्यात दोन्ही टोकांची माती वाहून जाते आणि सिमेंटची कड टेकाडासारखी उघडी पडते. पाच माणसं बसवली, डिकीत पन्नास किलो तुरीचं एक पोतं टाकलं. सरळ चढवली तेव्हा मधला भाग खरडला, आवाज सगळ्यांनी ऐकला. परत घेऊन तिरकी चढवली, एक चाक आधी, दुसरं मागून. तशी निघाली. खाली झोपून बघितलं, चेंबरला (इंजिनच्या खालच्या तेलाच्या भांड्याला) काही लागलं नव्हतं, फक्त प्लास्टिकच्या आच्छादनावर पांढरी रेघ.

मुलाला वाटलं गाडी बाद झाली. माझं म्हणणं वेगळं पडलं. त्या रपट्याच्या दोन्ही टोकांना एक ट्रॉली मुरूम टाकला तर प्रश्न सुटतो, आणि तो मुरूम ट्रॅक्टर, बैलबंडी, शाळेची व्हॅन सगळ्यांच्याच कामाचा. शेतात जायची पांदण मात्र या गाडीने कधीच चढायची नाही. काळी माती ओली झाली की तिथे ट्रॅक्टरही रुततो. तिकडे मोटारसायकलच.

टायरचा मुद्दा मला इथे महत्त्वाचा वाटला. या गाडीला 205/55 आर 16 चे टायर आहेत. टायरची बाजूची भिंत साधारण 113 मिलिमीटर. उघड्या गिट्टीवर अशी बुटकी भिंत रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि तिथे फुगा येतो. त्याच अल्टिसच्या खालच्या मॉडेलला कंपनी 195/65 आर 15 टायर द्यायची. त्यांची भिंत 127 मिलिमीटर, आणि पूर्ण चाकाचा व्यास जवळजवळ तेवढाच, तीनेक मिलिमीटरचा फरक. म्हणजे मीटर चुकत नाही, गाडीची उंची बदलत नाही आणि गिट्टीवर चौदा मिलिमीटर जास्त गादी मिळते. पंधराच्या लोखंडी रिम वाकल्या तरी ठोकून सरळ होतात. असा बदल करताना रिम ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे एक चाक बसवून, फिरवून बघायचं.

मग काकूंना बसवलं. हाच मुद्दा मला सगळ्यात निर्णायक वाटत होता. मागे बसल्यावर त्यांचा चेहराच सैलावला, पाय सरळ सोडता आले. पण उतरताना सीट खाली असल्याने गुडघ्यावर जोर आला आणि सुनेला हात द्यावा लागला. उंच गाडीत उतरणं सोपं, बसून राहणं अवघड. या गाडीत नेमकं उलटं. नागपूर साडेतीन-चार तासांचं आणि उतरणं अर्ध्या मिनिटाचं. काकूंनी स्वतः सांगितलं, "उतराले हात धरा मंग झालं, पण रस्ताभर पाय आखडून बसाले नोको सांगू." सीटवर ठेवायची घट्ट गादी दोन इंचांची घेतली, त्याने उतरणंही थोडं सोपं झालं.

पैसे

दुसरा पर्याय होता साधारण आठ लाखांची नवी छोटी गाडी. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने तो पर्याय आधीपेक्षा जवळ आला होता. तीन लाख रोख, पाच लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं : हप्ता साडेदहा हजार, व्याज एकूण एक लाख तीस हजार.

अल्टिस गावच्या आणि महामार्गाच्या मिश्र रस्त्यावर लिटरला अकरा देईल असं धरलं, नवी गाडी अठरा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल 105 रुपये. अल्टिसला वर्षाचे साडेपंच्याण्णव हजार, नवीला अठ्ठावन्न हजार. पाच वर्षांत फरक एक लाख पंच्याऐंशी हजारांचा. त्यात पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात अशा जुन्या चारचाकींच्या मायलेजमध्ये सहा-सात टक्के घट धरली आहे, आणि अकराचा आकडा मी ती घट धरूनच घेतला. गाडी पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, असंही सांगितलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

इंजिन 1500 सीसीच्या वर असल्याने थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीच्या) विम्याचाच हप्ता तेव्हा 7,897 रुपये, छोट्या गाडीला तो 3,416 किंवा त्याहून कमी. दुरुस्ती, विमा, पाच वर्षांनी येणारी विक्रीची किंमत हे सगळं दोन्हीकडे मांडलं, तेव्हा दोन्ही गाड्यांचा पाच वर्षांचा खर्च जवळपास सारखाच आला. जुनी मोठी गाडी स्वस्त पडते हा समज इथे टिकला नाही.

तरीही मी अल्टिसच्या बाजूने झुकलो, त्याचं कारण शेतकऱ्याच्या पैशाची चाल. वर्षाचे हप्ते एक लाख सव्वीस हजार. कापसाचा 2025-26 हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे साडेपंधरा क्विंटल कापूस फक्त हप्त्याला. त्या हंगामात सोयाबीन पावसाने खाल्लं होतं. कापूस कमी आला म्हणून बँक हप्ता पुढे ढकलत नाही. पेट्रोलचा खर्च मात्र आपल्या हातात असतो, वाईट वर्षात गाडी कमी काढली की तो खाली येतो. ज्या घरात दर महिन्याला पगार येतो तिथे मी नवी गाडी सांगितली असती, सहा एअरबॅगसाठी तर नक्कीच.

सौदा

वॉटर पंप, ऑक्सिजन सेन्सर, पुढचे लोअर आर्म बुश, बॅटरी, सगळी तेलं, चार टायर आणि जुन्या लोखंडी रिम : एकूण 62 हजारांची यादी विकणाऱ्यासमोर ठेवली. डाव्या हेडलाइटचा मुद्दा वेगळा मांडला, कारण मूळ लाइट कितीला आणि कधी मिळेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं. 5 लाख 10 हजारांवरून गाडी 4 लाख 35 हजारांवर आली. काकाजींना मी सांगितलं होतं की साडेचारच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही, मागे फिरायचं.

बोजा उतरलेली आरसी हातात आली, चलानं त्याने भरली, मग फॉर्म 29-30 झाले. विमा पंधरवड्याच्या आत नावावर करून घेतला. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्यासोबत जातो, तो आपल्याला मिळत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून ती खरेदीच्या रकमेजवळ आग्रहाने लावून घेतली.

हेडलाइटचं काम नागपुरातल्या जुन्या पार्टच्या दुकानात झालं. मागून ठोकलेली, 2015 ची एक अल्टिस तिथे भंगारात उभी होती, तिचा पुढचा भाग शाबूत होता. तिचे दोन्ही हेडलाइट आणि पुढचा बंपर एकदम उचलले. डावा बाहेरचा लाइट काढून मूळ बसवला, भिंतीवर झोत जुळवला. उजवा आणि बंपर घरी माळ्यावर ठेवला आहे. बंद मॉडेल घेणाऱ्या प्रत्येकाने गाडीच्या किमतीतच हा साठा धरावा, असं मी आता आग्रहाने सांगतो. एक जोडी दिवे आणि एक बंपर गरज नसताना शोधला तर स्वस्तात मिळतो, रोही लागल्यावर शोधला तर दुकानदार म्हणेल तो भाव.

गाडी कुटाराच्या शेडमधून हलवून पडवीत उभी केली जाते. अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यावर चाळीसच्या वर जायचं नाही, हे मुलाने मान्य केलं आहे. लोअर आर्मचे बुश आणि खालचं आच्छादन पावसाळा संपल्यावर मी पुन्हा बघणार आहे. आरसी 2031 मध्ये संपते. त्यानंतर पुन्हा नोंदणी, दर पाच वर्षांनी, वर पर्यावरण कर. विकायची असेल तर 2029 मध्येच विका, असं काकाजींना सांगून ठेवलं आहे, आणि तीही नागपुरात. आर्णीत एवढ्या मोठ्या पेट्रोल सेडानला गिऱ्हाईक नाही, आणि शेवटच्या वर्षात आरसीवरची तारीख बघूनच माणूस परत जातो.